देऊळ खानापुरात, शेत चंदगडात, मग कायदा कुठला?

प्रश्न: सर, आमचा देवाचा ट्रस्ट आजोबांच्या वेळचा, मुंबई राज्य असताना बेळगावात रजिस्टर झालेला. देऊळ आता कर्नाटकात असलेल्या खानापूर तालुक्यात, पण देवाची शेती महाराष्ट्रात चंदगडला आहे आणि दोन ट्रस्टी कोल्हापुरात राहतात. एकजण म्हणतो हिशेब कोल्हापूरच्या धर्मादाय ऑफिसला द्यायचा, दुसरा म्हणतो मुजराईला, म्हणजे कर्नाटक सरकारच्या देवस्थान खात्याला. नेमकं काय?

उत्तर: ट्रस्टी कुठं राहतात ते सोडून द्या, त्याला इथं फारसा अर्थ नाही. ट्रस्ट बसलाय कुठं ते बघायचं, म्हणजे देव कुठं, पूजाअर्चा कुठं, कारभार कुठून चालतो. सुप्रीम कोर्टानं १९५९ साली चारुशीला दासी प्रकरणात हेच ठरवलं. देवघरचं मंदिर तेव्हाच्या बिहारात, मिळकत कलकत्त्यातही, तरी ट्रस्ट बिहारात आहे म्हणून बिहारचा कायदा लागू, बाहेरच्या मिळकतीनं त्यात फरक पडत नाही असं कोर्ट म्हणालं. तुमचंही तसंच, म्हणजे कर्नाटक.

आता तो बेळगावचा जुना नोंदणीचा दाखला. १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला तरी मुंबईचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लगेच गेला नाही, बेळगाव भागात पुढं कितीतरी वर्षं तोच चालला, म्हणून जुन्या फायलीत त्या कायद्याखालचा नोंदणी नंबर सापडतो. कर्नाटकाचा १९९७ चा हिंदू धार्मिक संस्थांचा कायदा २००३ च्या मे महिन्यापासून लागू झाला आणि मुंबईच्या कायद्याची जागा त्यानं घेतली. मठ आणि मठाला जोडलेली देवळं मात्र त्यातून वगळलीत. तेव्हा तुमचं देऊळ मुजराईच्या यादीत आहे का ते आधी बेळगावात जाऊन बघा. जुना दाखला फेकू नका हां, ट्रस्टची मिळकत कुठली आणि ट्रस्टी कोण याचा पहिला पुरावा तोच, आणि वाद झाला की वकील पहिल्यांदा तोच मागतो.

चंदगडच्या शेताचं सातबारा, कूळकायदा, विक्रीचा दस्त, स्टॅम्प ड्यूटी हे सगळं मात्र महाराष्ट्राचंच. जमीन जिथं तिथला कायदा. लोक इथंच गोंधळ करतात, जमीन तिकडं म्हणजे ट्रस्टपण तिकडचा असं धरून चालतात.

प्रश्न: आमची शिक्षण संस्था कोल्हापूरला रजिस्टर आहे, निपाणीत मुलांचं वसतिगृह काढलंय. परत इकडं कर्नाटकात ट्रस्ट करावा लागतो काय?

उत्तर: नाही. संस्था कोल्हापूरची, कारभार तिथून, मग निपाणीचा खर्चही त्याच ऑडिटमध्ये आणि धर्मादाय आयुक्तांकडं. वसतिगृहाची परवानगी, पाणी, लाईट वगैरे स्थानिक कायद्यानं. पण निपाणीसाठी वेगळं डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, करून वेगळे ट्रस्टी नेमलात तर तो कर्नाटकातला नवा ट्रस्ट झाला, त्याचं डीड सब रजिस्ट्रारकडं जाईल आणि धर्मादाय आयुक्त हे खातं इकडं नाहीच. उद्या पैशाचा घोळ झाला तर हितसंबंध असलेल्या दोघा-तिघांना सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ९२ खाली कोर्टाची परवानगी घेऊन दावा लावावा लागतो, म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही. माझं मत विचाराल तर कोल्हापूरचीच शाखा ठेवा.

आणि घरच्या नातवंडांसाठी केलेला खासगी ट्रस्ट या दोन्ही राज्यांच्या कायद्यांत येत नाही, त्याला १८८२ चा भारतीय न्यास कायदा, तो इकडंही तोच आणि तिकडंही तोच.