लेसरचा ठिपका आणि आघाडीवरचे जवान

प्रश्न : कारगिल युद्धात ‘लेसर बॉम्ब’ वापरले गेले, असे वाचले. लेसरने शत्रूचे ठाणे जळते का? आणि आपले जवान जवळच असताना असा बॉम्ब त्यांच्यावर पडणार नाही, याची काळजी कशी घेतात?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : यातला लेसर काहीही जाळत नाही, तो फक्त लक्ष्य दाखवतो, स्फोट नेहमीच्याच बॉम्बचा असतो. जून १९९९ मध्ये हवाई दलाच्या मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर असे बॉम्ब टाकले. लक्ष्यावरून परतणारा लेसरचा प्रकाश बॉम्बच्या नाकातील संवेदक टिपतो. या संवेदकाचे चार भाग असतात आणि ज्या भागावर प्रकाश अधिक पडेल, त्या बाजूला पंख बॉम्बला वळवतात. १.०६४ मायक्रॉन तरंगलांबीचा हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या स्पंदांना सांकेतिक क्रमांक ठरवून दिलेला असल्यामुळे एकाचा बॉम्ब दुसऱ्याच्या ठिपक्यामागे जात नाही.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पायदळाला निकट हवाई साहाय्य देताना, म्हणजे आपल्या तुकडीजवळच्या शत्रूवर विमानातून मारा करताना, हा ठिपका पुष्कळदा जमिनीवरचा सैनिकच रोखून धरतो. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याच्या काठावरची एखादी भिंत दाखवायची, असे समजा. किरण भिंतीवर तिरपा पडला तर ठिपका लांबट पसरतो, थोडा हात हलला तर मागच्या इमारतीवर सांडतो, आणि बॉम्ब तिकडे जाऊ शकतो. उपकरणासमोर धूळ उडाली असेल तर प्रकाश तिथेच विखुरतो आणि लेसर रोखणारा सैनिकच बॉम्बचे लक्ष्य ठरू शकतो. म्हणून विमानाला त्याच्या डोक्यावरून येऊ देत नाहीत. समोरून आले तर उजळलेली बाजू संवेदकाला दिसतच नाही. विमान सैनिकाच्या बाजूनेच, पण किरणरेषेपासून काही अंशांचा कोन राखून बोलावले जाते. लेसर फार लवकर सुरू करणेही जुन्या धाटणीच्या बॉम्बला मानवत नाही. तो आधीच खाली झुकतो आणि अलीकडे, म्हणजे नेमका आपल्या जवानांच्या दिशेने, पडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे लेसर बॉम्ब पडण्याआधीची शेवटची काही सेकंदेच सुरू ठेवतात. त्याआधी लक्ष्य, आपल्या तुकडीची जागा आणि सांकेतिक क्रमांक रेडिओवर सांगितले जातात व त्यांतील महत्त्वाच्या गोष्टी वैमानिकाकडून पुन्हा वदवून घेतल्या जातात. माझ्या मते कोणत्याही उपकरणापेक्षा हे संभाषण जास्त जीव वाचवते.

ढग, दाट धुके किंवा धूर असेल तर हे तंत्र निरुपयोगी ठरते. तेव्हा उपग्रहाधारित मार्गदर्शन उपयोगी पडते, पण धावत्या वाहनासाठी लेसरच सोयीचा, कारण वाहनाबरोबर ठिपकाही सरकवता येतो.

मात्र लेसरमुळे नेम सुधारतो, स्फोटाचा घेर लहान होत नाही. साडेचारशे किलोंचा बॉम्ब अचूक पडला तरी त्याचे तुकडे शेकडो मीटर उडतात. म्हणूनच अमेरिकी सैन्याने ७० मिलिमीटरच्या साध्या रॉकेटला लेसरचे मार्गदर्शन जोडले. त्याचे स्फोटक शीर्ष काही किलोंचेच असते आणि आपले जवान जवळ असताना मोठ्या बॉम्बपेक्षा तेच अधिक कामाचे ठरते.