बाळ दगावलेल्या घरी आशाताईनं पुन्हा जावं का? जाऊन बोलावं काय?

तुम्ही विचारलंय : 'मी नवीन आशा कार्यकर्ती आहे. माझ्या भागातलं कमी वजनाचं बाळ अकराव्या दिवशी गेलं. आता त्या घराची पायरी चढायची हिंमत होत नाही. काय करू?'

जा. फक्त पहिल्यांदा जाल तेव्हा कोणताही फॉर्म बरोबर नेऊ नका. मी विदर्भातल्या एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे, आणि नव्या आशांना मी आधी हेच सांगते.

आपल्याला प्रशिक्षण मिळतं ते बाळ वाचवायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्यांच्या घरोघरच्या कामानं नवजात मृत्यू 60 टक्क्यांहून जास्त कमी झाले, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे 2011 पासून तेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट. झोळीत वजन, काखेत थर्मामीटर, अंगावरचं कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. 60 किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना. हे तुम्हाला पाठ असेलच. बाळ गेल्यावर काय करायचं, यावर मात्र तासभरही कोणी बोलत नाही.

आणि इथंच बाळंतीण सुटते. भेटी बाळासाठीच आहेत असं आपण धरतो, त्यामुळे बाळ गेलं की भेटी बंद. पण ती तर ओलीच बाळंतीण असते! रक्तस्राव, ताप, टाक्यांची जखम, सगळं तसंच. दूध तर येतच राहतं, आणि त्याबद्दल ती सासूशीही बोलत नाही. तिला सांगा : छाती करकचून बांधू नकोस, ओलं गार फडकं ठेव, फार ठणकलं तर आराम पडेल इतकंच दूध काढ. गाठ लाल झाली, ताप भरला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. दूध थांबायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

बोलण्याचं म्हणाल तर 'देव दुसरं देईल' हे वाक्य तोंडून काढू नका. बाळाचं नाव ठेवलं असेल तर नावानं बोला. आपल्याकडे लहान बाळाला पुरतात, आईला तिथं नेत नाहीत, आणि घरात त्याचा विषयही निघू देत नाहीत. एका बाईनं मला एकच विचारलं होतं, 'सिस्टर, त्याचं वजन किती भरलं होतं?' मी रजिस्टर उघडून दाखवलं, 1900 ग्रॅम. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मग पहिल्यांदा बाळाबद्दल बोलायला लागली. माझ्या मते हे समुपदेशन नाही तर दुसरं काय.

बालमृत्यू अन्वेषणाचं, म्हणजे बाळ कशानं गेलं याच्या चौकशीचं काम टळत नाही, टाळूही नये. मृत्यू झाल्याची खबर एएनएमला लगेच द्या, त्यासाठी घरच्यांना काही विचारावं लागत नाही. चौकशीला मी येईन तेव्हा तुम्ही बरोबर असा. आपण शोधतो उशीर कुठं झाला ते : धोका घरात ओळखायला, गाडी मिळायला, की दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. दोष कोणाचा हे शोधायचं नसतं, आणि हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा. आईशी वेगळं बसून बोला. सासू शेजारी असली की उत्तरं सासूच देते. 'आधी का नाही आणलं?' असं विचारलंत तर चौकशी तिथंच संपली. 'दूध ओढायचं कधी कमी केलं?' असं विचारा.

बापालाही विसरू नका. तो बाहेर ओट्यावर बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद 21 दिवसांत करायची, हे त्याला सांगा. नवरा-बायको दोघांना पुढच्या एखाद्या भेटीत हेही सांगा की अंगावर पाजणं नसल्यानं पाळी लवकर येऊ शकते, दिवसही राहू शकतात. पहिल्या भेटीत मात्र हा विषय नको.

काही आठवडे उलटूनही ती जेवत-झोपत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर वाट बघू नका. मला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे बरं का. त्या बाळाला तुम्हीही हातात घेतलं होतं.