मुंबईत राहता येईल, म्हणून आश्रय नाकारला

प्रश्न : मी कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे राहते. आमच्या शेजारी पंजाबातून आलेले एक कुटुंब आहे. गावचे पोलीस आणि एका पुढाऱ्याची माणसे यांच्यापासून जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी आश्रय मागितला होता. मुंबईत ते सुरक्षितपणे राहू शकतील, या कारणावरून तो आधी इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाने (आश्रयाचे दावे ठरवणारी कॅनडातील संस्था) आणि गेल्या आठवड्यात त्याच बोर्डाच्या अपील विभागानेही नाकारला. त्यांचे वकील आता फेडरल कोर्टात जायचे म्हणतात. माझे माहेर मुंबईचे असल्याने भाडेकरूची माहिती तिथे पोलीस ठाण्यात द्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. तसे प्रतिज्ञापत्र मी दिले तर उपयोग होईल का?

उत्तर : तुमच्या प्रतिज्ञापत्राचा या टप्प्यावर जवळजवळ काहीच उपयोग होणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. फेडरल कोर्टात होते ते अपील नव्हे, न्यायिक पुनर्विलोकन. या कुटुंबाला खरोखर धोका आहे की नाही, हे न्यायाधीश नव्याने ठरवत नाहीत; अपील विभागाने समोरच्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष तर्काला धरून आहे का आणि त्याची कारणे निकालपत्रात नीट उमटली आहेत का, एवढेच ते पाहतात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये वाविलोव्ह खटल्यात ही कसोटी सविस्तर मांडली. आपल्याकडे उच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम २२६ खालील रिट अर्जात जसे स्वतः पुरावा तोलायला बसत नाही, साधारण तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच जो कागद अपील विभागासमोर नव्हता, तो काही मोजके अपवाद वगळता कोर्टही पाहत नाही.

मुंबईचा मुद्दा मात्र नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण भारतातून आलेल्या लोकांचे कितीतरी दावे याच एका मुद्द्यावर पडतात. मायदेशातच दुसरीकडे सुरक्षित राहण्याची सोय असेल, तर परदेशाचे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी दोन गोष्टी तपासतात : त्या शहरात छळाची गंभीर शक्यता नाही ना, आणि तिथे जाऊन राहणे या माणसांच्या परिस्थितीत वाजवी आहे का. दुसऱ्या कसोटीवर सुटका होणे फार कठीण आहे. भाषा येत नाही, घरभाडे परवडत नाही, नोकरी मिळणार नाही, एवढ्याने भागत नाही, जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल अशी परिस्थिती दाखवावी लागते. (मुंबईतल्या जागांचे भाव पाहता हा निकष आपल्याला निष्ठुर वाटेल, पण कायदा तसाच आहे.) म्हणून खरा वाद पहिल्या कसोटीवर होतो : मागावर असलेल्यांकडे मुंबईत शोध घेण्याची साधने आहेत का आणि तेवढी इच्छा आहे का. भाडेकरूच्या पोलीस नोंदीचा मुद्दा इथे येतो, आणि तो कोर्टाला मुळीच नवा नाही. नोंद होते हे सिद्ध झाले, तरी पंजाबातले पोलीस ती पाहतील आणि या माणसांसाठी एवढा खटाटोप करतील, हे दाखवावेच लागते, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

तुमची मदत मात्र वेगळ्या रीतीने होऊ शकते. बोर्ड प्रत्येक देशाविषयीचा माहितीसंच प्रसिद्ध करते आणि भारताच्या संचात भाडेकरूंची पडताळणी व पोलिसांच्या माहितीजाळ्याविषयीचा मजकूर आहे. तो या प्रकरणाच्या कागदपत्रांत असून, अर्जदारांनी त्यावर बोट ठेवूनही अपील विभागाने त्याची दखल घेतली नसेल, तर ते पुनर्विलोकनाचे खरे कारण ठरते. वकिलांसोबत बसून तो मजकूर आणि निकालपत्र शेजारी ठेवून वाचा. मुंबईत राहिलेल्या माणसाला त्यातली विसंगती लवकर दिसेल.

वेळ मात्र थोडा आहे. निकाल कळल्यापासून १५ दिवसांत कोर्टाकडे परवानगीचा अर्ज जावा लागतो, कारण आधी परवानगी आणि मग सुनावणी, असा तिथला क्रम आहे. परवानगी नाकारली तर सहसा कारणेही दिली जात नाहीत आणि त्यावर अपील नाही. अपील विभागाच्या निकालाविरुद्ध मुदतीत अर्ज केल्यास देशाबाहेर पाठवण्याच्या कारवाईला, काही अपवाद सोडून, आपोआप स्थगिती मिळते. मुदत वाढवून मागावी लागली तर ही आपोआपची स्थगिती मिळत नाही आणि तिच्यासाठी कोर्टाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यात गंभीर मुद्दा आहे, भरून न येणारी हानी होईल आणि सोयीगैरसोयीचे पारडे अर्जदाराकडे झुकते, या तिन्ही गोष्टी पटवाव्या लागतात.

प्रश्न : कोर्टात जिंकले, तर त्यांना लगेच आश्रय मिळेल का?

उत्तर : नाही. निकाल रद्द होऊन प्रकरण सहसा अपील विभागातील दुसऱ्या सदस्याकडे फेरनिर्णयासाठी परत जाते, आणि तो सदस्य अधिक चांगली कारणे देऊन पुन्हा नकारच देऊ शकतो. तिथेही नवा पुरावा सरसकट घेत नाहीत. बोर्डाच्या पहिल्या नकारानंतर निर्माण झालेला किंवा तेव्हा वाजवी प्रयत्नाने मिळवता न आलेला पुरावाच चालतो. तुमची मुंबईची माहिती या चौकटीत बसवणे अवघड आहे, तेव्हा भर आधीपासून दाखल असलेल्या कागदांवरच ठेवावा.