गरोदरपणात खालच्या जागेच्या शिरा फुगू नयेत म्हणून काय करावं? फुगल्याच तर आराम कशाने पडतो?

तुमचा प्रश्न असा: दुसऱ्यांदा दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय, पहिल्या खेपेला शेवटी शेवटी योनीच्या बाहेरच्या भागावर शिरा फुगल्या होत्या, या वेळी तसं होऊ नये म्हणून काय करता येईल. आणि खाली तुम्ही लिहिलंय, ‘घरात कुणाला सांगायची लाज वाटते.’ एरवी मी इथे नुसती वाचते. या एका वाक्यासाठी लिहायला बसले.

सांगा. आजच सांगा. घेतली आणि बरं वाटलं अशी गोळी यावर नाही. वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, दिवसातून दोन-तीनदा आडवं व्हायचं, हेच याचं औषध. तुम्ही आडव्या झालात तर विहिरीवरची कळशी दुसऱ्या कुणीतरी आणायला हवी. आणि जे दुखणं कुणाला माहीतच नाही, त्याच्यासाठी कोण कळशी आणणार?

आमचं घर कुडाळ तालुक्यात. नवरा मुंबईला नोकरीला, चवथीला येतो तेवढाच. दुसऱ्या वेळी मला सहावा महिना होता आणि चवथ तोंडावर आली होती. आमच्याकडे गणपती म्हणजे सगळी भावकी एका छपराखाली. मोदकांसाठी नारळ खवायचे, पंचमीला ऋषीची भाजी चिरायची, आणि हे सगळं जमिनीवर विळी घेऊन. विळीवर बसताना एक गुडघा वर, एक पाय दुमडलेला, पुढे पोट, आणि सगळा भार खाली. दुपारनंतर मला खालच्या जागी असं जड वाटायला लागलं की आता काहीतरी गळून पडेल. संध्याकाळी न्हाणीत हात लागला तर डाव्या बाजूला मऊ, तटतटलेला उंचवटा. दिवे गेलेले होते. मोबाईलची बॅटरी लावली, हातातला आरसा खाली धरला आणि बघितलं. जांभळ्या-निळ्या दोऱ्यांचा गुंता व्हावा तसं दिसत होतं. बोटानं दाबलं की बसायचं, सोडलं की पुन्हा भरायचं.

सासूबाई नाहीत, म्हणून चुलत सासूबाईंना सांगितलं. काकी म्हणतो आम्ही त्यांना. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अंग भायर इला गो तुझा. कोणाक सांगा नको.” आणि लगेच उपाय सुरू. गरम पाण्याचा शेक घे, वर काळं तेल चोळ, आणि बसून काम सोडू नकोस, नाहीतर बाळंतपण जड जाईल. “आमी लावणी लावून इलंव आणि रात्री बाळंत झालंव, आमका काय्येक झाला नाय.” हे वाक्य त्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रावर गेले. चवथीच्या आदल्या दिवशी सून घराबाहेर पडली यावरूनही बोलणं झालं, होऊ दे. सिस्टरनी दार लावून घेतलं, झोपवून तपासलं, मग उभं करून खोकायला सांगितलं. म्हणाल्या, अंग म्हणजे गर्भाशय जागेवर आहे, काही बाहेर आलेलं नाही. या शिरा आहेत. उभं राहिलं की भरतात, आडवं झालं की ओसरतात. पिंढऱ्यांवर येतात त्याच शिरा, जागा तेवढी वेगळी. पहिल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जास्त दिसतात, आणि बहुतेक वेळा पाचव्या महिन्यानंतर.

कारणही त्यांनीच समजावलं. पोटुशीपणात अंगातलं रक्त वाढत वाढत शेवटी जवळजवळ दीडपट होतं. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक शिरांच्या भिंती सैल करतं. वरून गर्भाशय वाढतं आणि कमरेखालचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर दाबली जाते. ही शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असते, म्हणून डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. तिथला भार हलका होतो आणि खाली तुंबलेलं रक्त वर सरकायला वाट मिळते.

आता यातलं तुमच्या हातात काय आहे बघा. रक्त वाढणं नाही, संप्रेरक नाही, आईकडून आलेल्या सैल शिरा नाहीत. म्हणून ‘होऊच नये म्हणून काय करावं’ याचं खात्रीचं उत्तर नाही, आणि देतो म्हणणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका. तुमच्या हातात आहे तो वरून पडणारा भार. तो पाचव्या महिन्यापासूनच कमी केलात तर त्रास कमी होऊ शकतो.

म्हणजे विळी बंद. टेबलावर सुरी घ्या, नारळ दुसऱ्या कुणाकडून खवून घ्या. भरलेली कळशी, हंडा, गॅसचा सिलिंडर, पहिलं मूल कडेवर, हे सगळं बंद. मूल बसलेल्या जागी मांडीवर घ्या. शौचाला उकिडवं बसायचं भांडं असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. आणि कुंथू नका. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो म्हणून आमच्याकडे बायका गोळ्याच टाकून देतात. तसं करू नका, रक्त कमी झालं तर बाळंतपणात जिवावर बेततं. पाणी वाढवा, सकाळी उकड्या तांदळाची पेज घ्या, लाल माठ, कुळीथ, वालीच्या शेंगा, केळी खा, आणि तरी होत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल. माझा निम्मा त्रास शौच साफ व्हायला लागल्यावर उतरला.

चालणं मात्र सोडू नका. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चाललं की पिंढरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहणं वाईट. मोदक वळायचेच असतील तर खुर्चीवर बसून वळा आणि मधेच उठून खळ्यात फेरी मारा.

आलेल्या शिरांसाठी मला सगळ्यात उपयोगी पडला तो आधार. खालून वर उचलून धरणारे व्ही आकाराचे पट्टे मिळतात, पण आमच्या बाजारात नव्हते आणि मागवलेला यायला वेळ होता. तोवर सिस्टरनी सांगितलं तसं केलं. जुन्या सुती लुगड्याचा स्वच्छ तुकडा, चार बोटं रुंद जाडसर घडी, ती घट्ट बसणाऱ्या सुती चड्डीत शिरांवर नीट बसवायची आणि वर दुसरी चड्डी. काही बायका सॅनिटरी पॅड वापरतात, तेही चालतं. दाब जाणवला पाहिजे, रुतता कामा नये. आणि हे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, आडवं असतानाच घालायचं, कारण तेव्हा शिरा रिकाम्या असतात. संध्याकाळी फुगल्यावर बांधून तेवढा उपयोग होत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत हे वेगळं सांगायला नको. दमट घडी आत ठेवली तर दोन दिवसांत खाज सुटते, बुरशी धरते, आणि मग शिरा राहिल्या बाजूला, खाजवून जीव जातो. घडी चुलीवरच्या दोरीवर वाळवा, वरून इस्त्री फिरवा, दिवसातून दोनदा बदला.

दुसरा आराम थंडाव्याचा. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, कातडीला थेट लावायचा नाही. वीज नसेल तर विहिरीच्या पाण्यात पिळलेला पंचा चालतो. शेक नको. उष्णतेनं शिरा सैल होऊन आणखी फुगतात, म्हणून काकींचा शेक मी घेतला नाही, आणि चोळणं तर अजिबात नाही. दुपारी डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी देऊन अर्धा तास पडायचं. रात्री खाटेच्या पायथ्याखाली लाकडाचे ठोकळे घालून मी ती बाजू थोडी उचलली होती. ज्यांना आंबट ढेकर येतात त्यांना हे जमत नाही, त्यांनी पायांखाली गोधडीची वळकटी घ्यावी.

नवऱ्याजवळ जाण्याबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. शिरांमुळे बाळाला धोका होत नाही, पण दुखत असेल तर नको म्हणा आणि कारण सांगा. त्यालाही कळू दे.

आता सिझरचं. तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात मला न तपासता सांगण्यात आलं की शीर फुटेल, सिझरच करावं लागेल, तारीख घेऊन ठेवा. मी तारीख घेतली नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात. २०१६ पासून हे चालू आहे आणि किती जणींना माहीत नाही! तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट बघितलं, म्हणाल्या, केवळ या शिरांसाठी सिझर करत नाहीत. नेहमीसारखं बाळंतपण होतं. कार्डावर तेवढं लिहून ठेवलं, म्हणजे टाके घ्यायची वेळ आली तर कुठली बाजू जपायची ते कळतं. माझी मुलगी सरळ बाळंतपणात झाली, शिरा फुटल्या नाहीत.

बाळंत झाल्यावर काकी बाजल्याखाली शेगडी घेऊन आल्या. मी ती ठेवू दिली नाही. ओली जागा, ताजे टाके, वर निखाऱ्याची धग, कशासाठी? यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. दर चवथीला विषय निघतो, की आताच्या पोरींना बसून काम नको, शेक नको, सगळी नाटकं. काकींच्या स्वतःच्या पिंढऱ्यांवर शिरांचं जाळं आहे, घोट्याजवळची कातडी काळी पडलीये, संध्याकाळी त्या पायाला कापड गुंडाळून बसतात. ‘आमका काय्येक झाला नाय’ म्हणणाऱ्या बाईचे पाय मी रोज बघते. त्यांना झालं, त्यांनी कुणाला दाखवलं नाही, आणि त्यांच्या वेळी दाखवायला कुणी नव्हतंही. त्याबद्दल मला त्यांचं वाईटच वाटतं. पण त्यांनी सोसलं म्हणून मी सोसावं, हे मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. काम केल्यानं बाळंतपण सुलभ होतं यात खरं आहे ते चालण्याफिरण्याचं. विळीवर तासन्‌तास उकिडवं बसण्याचं नाही.

शिरा बहुतेकींच्या बाळंतपणानंतर दीड महिन्यात आपोआप ओसरतात. माझ्या तशाच गेल्या. तीन-चार महिन्यांनीही दुखत असतील तर दाखवा. शिरेत औषध टोचून ती बंद करतात, पण हे गरोदरपणात करत नाहीत. मोठ्या तपासणीला आमच्याकडची माणसं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात.

मी डॉक्टर नाही, माझ्यावर जे गेलं आणि सिस्टरनी जे समजावलं ते सांगितलं. पण एवढं लक्षात ठेवा. शीर अचानक कडक झाली, लाल, गरम आणि हात लावू देईना, तर आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा. एकच पाय सुजला, पिंढरी दुखायला लागली, किंवा धाप लागली तर थांबूच नका. रक्त आलं तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, कमरेखाली उशी घेऊन आडव्या व्हा आणि १०८ ला फोन करा. आणि खाली काही लागतंय ते शिराच आहेत हे स्वतःच ठरवू नका, एकदा दाखवून घ्या. अंग खाली येणं वेगळं, गाठ वेगळी, त्यांचे उपाय वेगळे.

राहिली तुमची लाज. तुमच्या तोंडून निघत नसेल तर आशाताईला घरी बोलवा. ती सगळ्यांच्या घरी येते-जाते, तिचं बोलणं सासू ऐकते. तिला माजघरात, सगळे असताना सांगायला लावा की हिनं आता वजन उचलायचं नाही आणि विळीवर बसायचं नाही. नवऱ्याला समोर बसवा. पाणी कोण भरणार हे त्याच बैठकीत ठरवून घ्या, नंतर कुणी ठरवत नाही.