वॉल्यूम फुल्ल, तरी ऐकू येईना

प्रश्न : आमच्या ऑफिसात नुकतेच टेबलावरच्या फोनला जोडायचे वायरलेस हेडसेट आलेत. बॉक्समधलं माहितीपुस्तक कुणीतरी फेकून दिलं, त्यामुळं ज्याला जसं जमलं तसं त्यानं जोडलंय. मला समोरच्याचा आवाज लांबून आल्यासारखा येतो म्हणून हेडसेटचा वॉल्यूम फुल्ल करून ठेवलाय, तरी मागं सतत सूं सूं चालू असतं ते वेगळंच. घरी गेल्यावर उजव्या कानात बारीक कुईंऽऽ येत राहतं आणि टीव्ही मोठा लावावा लागतो. हेडसेट खराब आहे का माझा कान?

उत्तर : हेडसेट बहुतेक ठणठणीत असेल, जोडणी चुकलीय. कानाचं म्हणाल तर कुईं वाजणं आणि टीव्ही मोठा लागणं म्हणजे कान दमलाय. रात्रीतून तो बराचसा सावरतो खरा, पण रोज रोज असंच झालं तर आतल्या बारीक केसांसारख्या पेशी कायमच्या मरतात आणि माणसात त्या परत येत नाहीत, त्यामुळं हे आजच नीट करा.

आता गंमत अशी आहे की या हेडसेटमध्ये आवाज वाढवायची जागा एक नसते, तीन असतात. एक फोनचा स्वतःचा वॉल्यूम, दुसरा बेसवर (म्हणजे ज्या स्टँडवर हेडसेट चार्जिंगला ठेवता तो), तिथं ऐकण्याच्या आवाजाची छोटी चकती किंवा बटण असतं आणि तिसरा कानावरच्या तुकड्यावर. एकाच पाइपवर तीन नळ बसवल्यासारखं समजा, पहिलाच अर्धवट बंद असेल तर शेवटचा कितीही सोडा, धार येत नाही. तुमच्याकडं फोनचा किंवा बेसचा आवाज तळाला असणार, तुम्ही कानापाशी सगळं ताणताय, आणि आवाज बारीक असताना शेवटी ताणला की त्याच्याबरोबर सूं सूं पण ताणली जाते. याच्यात धोका कुठाय? उद्या कुणीतरी रिसिव्हरवर ऐकू येत नाही म्हणून फोनचा वॉल्यूम वर नेला, किंवा एखादा खणखणीत लाइनीवरचा फोन आला, की ते सगळं एकदम तुमच्या कानात. कानावरचा तुकडा आधीच फुल्लवर आहे ना.

तर पहिल्यापासून लावू. आधी बेसला वीज द्या आणि हेडसेट पूर्ण चार्ज होऊ द्या, अर्धवट चार्जिंगवर मधेच बॅटरीचे बीप यायला लागले की नेमका दोष कशात आहे ते कळत नाही. फोनला हेडसेटचं वेगळं पोर्ट असेल तर बेसची वायर तिथं लावा. नसेल तर रिसिव्हरची गुंडाळीची वायर फोनच्या बाजूनं काढायची, तिथं बेसची वायर घालायची आणि रिसिव्हर बेसच्या वायरीला असलेल्या जोडाला लावायचा. लाइनीच्या मोठ्या पोर्टात काही खुपसू नका. या दुसऱ्या प्रकारात फोन उचलायला रिसिव्हर उचलूनच ठेवावा लागतो, किंवा तो आपोआप उचलणारा लिफ्टर, नाहीतर तुमच्या फोनच्या मॉडेलसाठीची हुकस्विच केबल (हेडसेटच्या बटणानंच फोन उचलू देणारी वायर) वेगळी घ्यावी लागते.

आता महत्त्वाचं, अजून हेडसेट कानाला लावायचा नाही. फोनचा वॉल्यूम मधोमध, बेसचा ऐकण्याचा आवाज सगळ्यात खाली, कानावरचा मधोमध. बऱ्याच बेसवर, खाली किंवा बाजूला, ए बी सी अशी अक्षरं किंवा आकडे असलेला एक बारीक स्विच असतो, लोकांचं त्याकडं लक्षच जात नाही. फोनच्या कंपन्या रिसिव्हरच्या वायरी सारख्या जोडत नाहीत, तो फरक हा स्विच जुळवतो. चुकीच्या जागी असला तर डायल टोन येतच नाही, किंवा विहिरीतून आल्यासारखा येतो, नाहीतर एखाद्या जागेवर एकदम कर्कश फुटतो, म्हणूनच कानापासून लांब धरून एकेक जागा फिरवत जायचं आणि जिथं टोन स्वच्छ येईल तिथं थांबायचं. मोठा येईल तिथं नाही, स्वच्छ येईल तिथं. तुमची सगळी तक्रार या एका स्विचवर मिटली तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

डायल टोनवर वॉल्यूम मात्र ठरवू नका, तो एकसुरी असतो, माणसाच्या बोलण्याचा अंदाज त्याच्यावरून येत नाही. एखाद्या सहकाऱ्याला दुसऱ्या खोलीतून फोन करायला सांगा आणि त्याला नेहमीसारखं बोलू द्या, "हॅलो हॅलो टेस्टिंग" असं ओरडून नको. कमी वाटलं तर आधी फोनचा वॉल्यूम थोडा वर, मग बेसचा एक टप्पा, कानावरचा तुकडा शक्यतो मधेच राहू दे म्हणजे दिवसभर दोन्हीकडं जागा राहते. जमलं की फोन आणि बेसच्या सेटिंगवर टेप लावून टाका, खरंच सांगतोय, कुणीतरी हात लावतंच.

बोलण्याच्या आवाजाचीही एक चकती बेसवर असते. ती फार वर असली तर तुमचाच आवाज तुमच्या कानात घुमतो आणि पलीकडच्याला प्रतिध्वनी येतो. फार खाली असली, किंवा माईकची दांडी कपाळाकडं वळवलेली असली (असे लोक मी बघितलेत) तर पलीकडच्याला ऐकू जात नाही, मग तो ओरडतो, आणि तो ओरडलेला आवाज कुणाच्या कानात येतो? तुमच्याच. माईक ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटं अंतरावर, अगदी तोंडासमोर नको नाहीतर श्वास फुस्स फुस्स ऐकू जातो.

कान दमतोय का हे बघायची एक सोपी युक्ती. सकाळी जो वॉल्यूम बरा वाटतो तो लक्षात ठेवा. संध्याकाळी तो दोन-तीन टप्पे वर गेलेला असेल तर तसाच ठेवून घरी जा, आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज कानापासून जरा लांब धरून ऐका. अंगावर आल्यासारखा मोठा वाटला तर आदल्या दिवशी कान दमला होता म्हणून समजा. आणि घर शांत असतानाही कुईं जातच नसेल तर ईएनटीकडं (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं) जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, त्यात दुखत-खुपत काही नाही.

प्रश्न : मी घेतलेला हेडसेट नॉइज कॅन्सलिंग आहे आणि पत्रकावर ११८ डेसिबलची मर्यादा असल्याचं लिहिलंय. म्हणजे कानाची काळजी मिटली ना?

उत्तर : नाही मिटली. विकणारे हे दोन्ही शब्द असे काही फेकतात की ऐकणाऱ्याला वाटावं आता कानाला कवचच मिळालं. ऑफिसच्या हेडसेटवर नॉइज कॅन्सलिंग लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा माईकपुरतं असतं, म्हणजे तुमच्या आजूबाजूचा गोंगाट पलीकडच्याला जात नाही. फायदा त्याचा. तुमच्या कानाला तो गोंगाट तसाच येतो आणि त्याच्यावर मात करायला तुमचा हात वॉल्यूमकडं जातो. कानासाठीचं वेगळं असतं, पत्रकावर अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग किंवा थोडक्यात एएनसी असं काही लिहिलंय का बघा.

११८ चं म्हणाल तर ती मर्यादा अचानक येणाऱ्या किंचाळीसाठी आहे, दिवसभराच्या ऐकण्यासाठी नाही. दिवसभराचा हिशोब वेगळा. अमेरिकेच्या नायॉश या कामाच्या जागेच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला जाऊन फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना तर मोबाइल-हेडफोनवर ऐकण्यासाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल एवढंच धरते. वॉल्यूमचे दोन टप्पे म्हणजे आपल्याला किरकोळ वाटतात, पण या हिशोबात ते तासांचे तास खातात. काही हेडसेटच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभराच्या सरासरी आवाजावर लगाम घालायची सेटिंग असते, ८० किंवा ८५ अशी, ती आपोआप चालू असेल असं धरून चालू नका, उघडून बघा.

प्रश्न : एका कानाचा घ्यावा की दोन कानांचा?

उत्तर : गोंगाटाच्या जागी दोन कानांचाच. दोन्ही कानांनी ऐकलं की तोच आवाज मेंदूला जास्त मोठा वाटतो, त्यामुळं वॉल्यूम कमी ठेवून भागतं, शिवाय मोकळ्या कानातून शेजारच्याच्या गप्पा शिरत नाहीत. शांत केबिन असेल, किंवा कुणी हाक मारली तर ऐकू यायला हवं असेल, तर एक कान ठीक आहे, फक्त मधून मधून बाजू बदला. एका कानानं आधीच कमी ऐकू येत असेल किंवा कानात मशीन असेल तर हेडसेट घ्यायच्या आधी ऑडिओलॉजिस्टला (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारा.

प्रश्न : परवा फोन उचलला आणि कानात एकदम भयंकर शिट्टी वाजली, तेव्हापासून तो कान बंद झाल्यासारखा वाटतोय. थांबून बघू का?

उत्तर : थांबू नका, हे वाचल्यावर आजच ईएनटीकडं जा. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं असेल तर पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू झाले तर फायदा होण्याची शक्यता जास्त, म्हणून "आपोआप उघडेल" करत आठवडा घालवायचा नाही. आवाज नक्की कसला होता, कोणत्या फोनवर, किती वाजता हे ऑफिसला लेखी कळवा, म्हणजे लाइन तपासता येईल.

अशी शिट्टी कुठनं येते? चुकून फॅक्सला फोन लागला की पलीकडून २१०० हर्ट्झचा सरळ टोन येतो. किंवा स्पीकरफोन चालू असताना हेडसेटही चालू राहिला आणि शेजारी ठेवला, की आवाज गोल गोल फिरून किंचाळतो. उचललेला रिसिव्हर आणि चालू हेडसेट जवळजवळ पडले तरी तसंच. टेबलावर हेडसेट ठेवताना आधी फोन बंद करा किंवा म्यूट करा, एवढी सवय लावली तर निम्मे प्रसंग टळतील. आणि शिट्टी आलीच तर वॉल्यूमचं बटण शोधत बसू नका, सरळ हेडसेट ओढून काढा.

प्रश्न : दिवसभर डोक्याला वायरलेस लावल्यानं रेडिएशनचा त्रास होतो का? आणि आमच्याकडं दोन शिफ्टना एकच हेडसेट आहे, तो चालेल का?

उत्तर : पहिल्याची चिंता सोडा. ऑफिसचे बरेचसे वायरलेस हेडसेट डेक्ट नावाच्या तंत्रावर चालतात, बोलताना त्याची सरासरी ताकद १० मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, लांबच्या टॉवरशी बोलणारा मोबाइल यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावू शकतो. कानाला खरा धोका आवाजाचा आहे.

दुसऱ्याचं मात्र मनावर घ्या. एका हेडसेटवरून कानाचं इन्फेक्शन दुसऱ्याला जाऊ शकतं, म्हणून बेस एकच चालेल पण कानाच्या गाद्या आणि माईकवरचा स्पंज ज्याचा त्याचा वेगळा हवा, बदलायला अर्धा मिनिट लागतो. पुसायला किंचित ओलं फडकं घ्या, भोकात पाणी किंवा सॅनिटायझर जाऊ देऊ नका. गादी कडक झाली, चिरली की बदला, कारण ती कानाला नीट टेकत नाही, आवाज बाजूनं निसटतो आणि माणूस वॉल्यूम वाढवत बसतो. आणि शिफ्ट सुरू करताना कानाला लावायच्या आधी मायनसचं बटण चार-पाचदा दाबून घ्या, मग बोलणं सुरू झाल्यावर हळूहळू वर या, आधीच्या माणसानं कितीवर ठेवलं होतं ते तुमच्या कानाला कळायची गरज नाही.