साडेआठ तास, सात एम्मी आणि तुमचं परीक्षण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. 'मेट्रॉइड ड्रेड' हा सॅमस या अंतराळातल्या शिकारी बाईचा निन्टेंडोचा व्हिडिओ गेम तुम्ही नुकताच संपवलात. मालिकेतला त्याआधीचा एकही गेम खेळलेला नाही. परीक्षण लिहायला घेतलंत तर एका जुन्या चाहत्याने सुनावलं की 'सुपर मेट्रॉइड' न खेळता ड्रेडवर लिहू नये. मसुद्यातली तीन वाक्यं तुम्ही दिली आहेत: एम्मी (सॅमसचा पाठलाग करणारे यंत्रमानव) अन्यायकारक आहेत; मॅप भूलभुलैयासारखा असूनही गेम सरळसोट वाटतो; आणि साडेआठ तासांत संपतो म्हणून गुण कापले. यातलं काय ठेवू, काय काढू, असं विचारताय.

आधी त्या चाहत्याचं. बिनधास्त लिहा. तुम्ही म्हणता की आर्टारिया या पहिल्या प्रदेशात पाऊण तास त्याच त्या खोल्यांत फिरत राहिलात आणि शेवटी एका साध्या दिसणाऱ्या भिंतीवर चुकून गोळी लागली तेव्हा वाट उघडली. मला तिथे अर्धं मिनिटही लागलं नव्हतं, कारण दिसेल त्या भिंतीवर, छतावर, जमिनीवर गोळ्या झाडत चालायची सवय मला इतक्या वर्षांत लागून गेलीय. ही सवय गेमने लावलेली नाही, मी घरून घेऊन आलो होतो. त्यामुळे नवख्याला गेम हे नीट शिकवतो की नाही, याबद्दल माझ्या मताला काडीची किंमत नाही आणि तुमच्या पाऊण तासाला आहे. तो पाऊण तास परीक्षणात आलाच पाहिजे.

मात्र मालिकेचा थोडा हिशेब माहीत असला तर वाक्यं नेमकी होतील. पहिला मेट्रॉइड 1986 चा, दुसरा 1991, सुपर 1994, फ्यूजन 2002. ड्रेड ही त्याच सरळ कथेतली पाचवी कडी, आणि ती आली 8 ऑक्टोबर 2021 ला. फ्यूजननंतर तब्बल 19 वर्षांनी. मधल्या काळात 'मेट्रॉइड प्राइम' या उपमालिकेचे गेम आले, जुन्यांच्या नव्या आवृत्त्याही आल्या, पण ही कथा पुढे सरकली नव्हती. ड्रेडची कल्पना निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या जुन्या यंत्राच्या काळातलीच. निर्माते योशियो साकामोतो यांनी 2021 मध्ये सांगितलं की जे डोक्यात होतं ते त्या यंत्राला झेपत नव्हतं. 2007 च्या प्राइम 3 मध्ये तर एका टर्मिनलवर 'ड्रेड' प्रकल्प पूर्णत्वाकडे आलाय असा मजकूर लपवून ठेवला होता, आणि लोक पुढची 14 वर्षं त्यावर तर्क लढवत बसले. शेवटी गेम बनवला तो निन्टेंडोने स्पेनच्या मर्क्युरीस्टीमला सोबत घेऊन; 2017 चा 'सॅमस रिटर्न्स' याच जोडीचा. एवढं यासाठी सांगितलं की प्रदर्शनाच्या आठवड्यातली परीक्षणं वाचून तुम्ही बिचकला असाल, तर त्यांतली निम्मी 19 वर्षांच्या उपासानंतर लिहिलेली आहेत हे लक्षात ठेवा. माझंही त्यातच होतं. आता वाचवत नाही.

आता एम्मी. सगळ्यात जास्त बोलण्यासारखं इथेच आहे, आणि तुमच्या तीन वाक्यांतलं सगळ्यात कच्चं वाक्यही हेच.

पकडलं की खेळ संपला, प्रतिहल्ल्याची संधी डोळ्याचं पातं लवेपर्यंतची, आणि तिचा क्षण दर वेळी बदलतो. हे सगळं खरं. पण मेल्यावर काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या एम्मीच्या हद्दीच्या दारापाशी तुम्ही पुन्हा उभे राहता, काही सेकंदांत. पंधरा मिनिटांची मेहनत वाया जात नाही, दूरच्या सेव्ह स्टेशनवरून पायपीट नाही. शिक्षा मुद्दाम इतकी हलकी ठेवलीय की तुम्ही पुन्हा पुन्हा आत शिरावं. आणि त्या दहा-बारा खेपांत तुमच्या नकळत एक गोष्ट होते: ती जागा पाठ होते. कुठल्या कट्ट्यावरून उडी मारली की तो मागे पडतो, कुठल्या फटीतून घसरत जाता येतं, कुठे पाणी आहे, कुठला बोळ पुढे बंद आहे.

मग सेंट्रल युनिट (त्या हद्दीतला नियंत्रक) फोडून ओमेगा कॅनन ही एम्मीला मारू शकणारी तात्पुरती तोफ हातात येते आणि सगळं उलटं फिरतं. आता मारायचं आहे, पण चेहऱ्यावरची कवचं वितळवायला वेळ लागतो, मग मोठी गोळी भरायला आणखी वेळ लागतो, आणि एम्मी थांबत नाही, समोरून चालत येत राहतो. म्हणजे लांबलचक सरळ पट्टा हवा. तो कुठे आहे? तुम्हाला माहीत असतं, कारण थोड्या वेळापूर्वी जीव मुठीत धरून तुम्ही तिथूनच पळाला होतात. जांभळ्या एम्मीच्या वेळी हे मला पहिल्यांदा लख्ख कळलं. मी लांब बोळाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, वळलो, आणि त्याची वाट पाहिली. तोवर मी त्याला टाळत होतो. आता तो कुठून येणार हे मला माहीत होतं आणि मी दात ओठ खात थांबलो होतो. गोळी सुटली की कॅननही जाते, पुन्हा साधी सॅमस. हे चक्र ज्याने आखलं त्याला माझा नमस्कार.

फ्यूजनमधला एसए-एक्स, म्हणजे सॅमसचीच खुनशी नक्कल, हा एम्मीचा पूर्वज. तो अंगावर काटा आणायचा, पण ठरलेल्या जागी, ठरल्या वेळी यायचा. पटकथाच होती ती. एम्मी आवाजाचा माग काढतो, दिसलात की दारं बंद होतात, आणि तो कुठून वळेल हे आधी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून 'अन्यायकारक' हा शब्द मला पटत नाही. तुमची खरी तक्रार वेगळी असावी, आणि ती मलाही आहे: चौथ्या-पाचव्या एम्मीपर्यंत भीती उरत नाही. मरण स्वस्त आहे हे हाताला कळलेलं असतं. मग फँटम क्लोक (अदृश्य करणारं आवरण) ओढून लपण्याऐवजी आपण सरळ धावत सुटतो, मेलो तर मेलो. ज्या हलक्या शिक्षेमुळे सुरुवात सुरेख झाली, तिनेच पुढे धार बोथट केली. हे लिहा. 'अन्यायकारक' म्हटलंत तर चाहते हसतील. असं लिहिलंत तर त्यांना उत्तर शोधावं लागेल.

दुसरं वाक्य, भूलभुलैया आणि सरळसोटपणा. हे तुम्ही फार अचूक पकडलंय, फक्त ते दोष असल्यासारखं उडत्या चालीत टाकून दिलंय. इथे थांबा, कारण ड्रेडचं मर्म मला इथेच दिसतं.

पहिल्या मेट्रॉइडमध्ये खेळ सुरू होताच उजवीकडे न जाता डावीकडे जावं लागतं. तिथे मॉर्फ बॉल (सॅमसला चेंडू बनवणारी शक्ती) ठेवलेला असतो, तो नसेल तर पुढच्या बुटक्या बोगद्यातून जाता येत नाही. मागे फिरायला शिकवणारा तो पहिला धडा. सुपर मेट्रॉइडने हे आणखी ताणलं. त्यात एक पूल आहे, पायाखाली ढासळत जाणारा; पळायचं बटण दाबून धरल्याशिवाय तो ओलांडता येत नाही, आणि गेम तसं तोंडाने सांगत नाही. मी त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. पुढे एका खोल विवरात तीन छोटे प्राणी भिंतींवरून उड्या मारत वर जाताना दिसतात. कुठे सूचना नाही, बाण नाही. बघायचं, करून बघायचं, पडायचं. सुपर तुम्हाला खरोखर हरवू देतो.

ड्रेड हरवू देत नाही, हरवल्यासारखं वाटू देतो. नवी शक्ती मिळाली की मागचं दार या ना त्या कारणाने बंद झालेलं असतं, आणि ती शक्ती जिथे लागते ती जागा, लिफ्ट किंवा टेलिपोर्टर नेमका हाताशी असतो. चालता चालता तुम्हाला वाटतं, 'अरे, बरोबर वाट सापडली मला!' सापडलेली नसते, दिलेली असते. मॅप उघडलात तर इतकी चिन्हं, इतके रंग की डोकं गरगरतं, पण तो मॅप मदतीला तत्पर आहे: एका प्रकारच्या दारावर बोट ठेवा, तशी सगळी दारं उजळतात, लपलेली वस्तू ज्या भागात आहे तो भाग लुकलुकतो. म्हणून तुमचं 'गुंतागुंतीचा पण सरळ' हे निरीक्षण बरोबर आहे. अदृश्य हाताने चालवलंय तुम्हाला.

यावर गुण कापायचे का? माझं मत असं की कापा, पण कशाच्या बदल्यात काय मिळालं तेही मांडा. मॉर्फ बॉलचंच बघा. 1986 मध्ये पहिल्याच मिनिटात मिळणारी ही गोष्ट ड्रेडमध्ये कटारिस या प्रदेशातल्या एम्मीला मारल्यावर मिळते. तोवर तिच्या जागी आहे घसरण. धावत या, झेडएल बटण दाबा, सॅमस बुटक्या फटीखालून सुळकन निघते आणि पलीकडे वेग न तोडता पुढे धावते. 'सॅमस रिटर्न्स'मध्ये प्रतिहल्ला करायला उभं राहावं लागायचं. इथे धावता धावता करता येतो. सेकंदाला 60 चौकटी, आणि बटण दाबण्यात व अंग हलण्यात जाणवेल असा खंड नाही. मालिकेतल्या कुठल्याच गेममध्ये सॅमस अशी चाललेली नाही. मर्क्युरीस्टीमने वाट हरवण्याचा आनंद सोडून दिला आणि त्याच्या बदल्यात पळण्याचा घेतला. मला विचाराल तर ड्रेडला या सौद्यावर तोलावं. सुपरचा चाहता म्हणून मला सौदा थोडा महाग वाटतो. तुम्हाला कदाचित वाटणार नाही, आणि तसं लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

(प्रदेशांची नावं ओळीने घेऊन बघितलीत का? आर्टारिया, बुरेनिया, कटारिस, डायरॉन, एलून… इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने थेट इटोराशपर्यंत. मला दुसऱ्या खेपेला कळलं.)

साडेआठ तासांचं वाक्य मात्र काढून टाका. एक तर ते घड्याळ खरं नाही. मरून पुन्हा खेळलेला भाग त्यात धरला जात नाही, त्यामुळे एम्मींनी तुम्हाला ज्या गतीने गिळलं ते पाहता तुम्ही बारा-तेरा तास तरी बसला असाल. आणि दुसरं म्हणजे ही मालिका पहिल्यापासून घड्याळाशी खेळत आलीय. 1986 मध्ये वेगाने संपवलात तर सॅमस शिरस्त्राण काढायची आणि आत बाई आहे हे तेव्हा कळायचं. ड्रेडमध्येही 4 तासांच्या आत संपवणाऱ्याला वेगळं बक्षीस-चित्र आहे. लहानपणा ही इथे काटकसर नाही, पुन्हा सुरू करण्याचं आमंत्रण आहे. गेम लांब असता तर दुसऱ्यांदा कोणी हात लावला नसता.

बाकी भराभर. संगीत: तुम्ही त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत, यातच सगळं आलं. सुपरच्या चाली लोक अजून गुणगुणतात. ड्रेडमधली एकही मला आठवत नाही. बॉस (टप्प्याटप्प्यावरचे बलाढ्य शत्रू): मोठे चांगले, पण काही मधले सैनिक नि रोबॉट पुन्हा पुन्हा समोर येतात आणि कंटाळा आणतात. कथा: एलूनमध्ये दार उघडल्यावर जे बाहेर पडतं ते पाहून फ्यूजन खेळलेल्यांच्या पोटात गोळा आला होता. तुम्हाला तो प्रसंग साधा वाटला असेल तर तसंच लिहा. सुरुवातीला गेम जी उजळणी देतो ती नवख्याला पुरते की नाही, याचं उत्तर फक्त तुम्हीच देऊ शकता. अडचण वाटली म्हणून कोणाला सुचवायचं झालं तर फेब्रुवारी 2022 मध्ये रूकी मोड (सोपी पातळी) फुकट आला, तेही एका ओळीत टाका.

आणि क्रेड या बॉसबद्दल. तुमच्या मसुद्यात तो फक्त 'मोठा सरडा' आहे. साखळदंडात अडकलेला तो राक्षस तोंडावर येऊन गर्जना करतो आणि सॅमस जागची हलत नाही. निवांतपणे बंदूक भरते आणि त्याच्या उघड्या जबड्यात झाडते. एक शब्द बोलत नाही. त्याला ती आधी भेटलेली आहे, दोनदा नाक घासायला लावलंय, हे तिच्या उभं राहण्यातून कळतं. तुम्ही तिला ओळखत नसतानाही ते कळलं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

परीक्षण पाठवण्याआधी एक करा. नवा खेळ सुरू करून ग्रॅपल बीम (दुरून पकड घेणारी किरणदोरी) वेळेआधी मिळवा आणि त्याच्या जोरावर क्रेडच्या आधी बॉम्बपर्यंत पोचा. नेहमीच्या वाटेने बॉम्ब क्रेडनंतर मिळतात, पण वाट वाकवता येते. मग त्याच्या लढाईच्या दुसऱ्या टप्प्यात खाली एक बुटकी फट दिसेल. मॉर्फ बॉल होऊन आत जा, बॉम्ब ठेवा, आणि काय होतं ते बघा. त्यानंतर 'सरळसोट' वाला परिच्छेद पुन्हा लिहा. कदाचित तोच ठेवाल, पण मग त्यात एक 'पण' येईल, आणि तो वाचायला मला आवडेल.