मोटरसायकलचा हेडलाइट मधूनच जातो आणि खड्डा लागला की परत येतो, मेकॅनिककडे मात्र नीट चालतो. दोष कसा शोधावा?

आधी एक विनंती: आता आणखी एकही पार्ट बदलू नका. तुम्ही लिहिलंय की रात्री चालवताना हेडलाइट अचानक जातो, गाडी आदळली की कधीकधी आपोआप लागतो, बल्ब बदलून झालाय आणि मेकॅनिककडे नेली की काहीच बिघाड दिसत नाही. नवीन बल्ब टाकूनही तोच त्रास राहिला, याचा अर्थ दोष बल्बच्या मागे कुठेतरी आहे. बल्बची तार तुटून हादऱ्याने टोकं पुन्हा जुळणं, हे होतं. पण तसा बल्ब फार दिवस तग धरत नाही, आणि दोन बल्बना लागोपाठ तेच होणं अवघड.

मी दुचाक्यांच्या वायरिंगचं काम करतो. या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळ कशात वाया जातो, तर लाइट चालू असताना दोष शोधण्यात. त्या क्षणी सगळे जोड जुळलेले असतात, मग सापडणार काय? दोष आपल्यासमोर घडवून आणायचा आणि लाइट गेलेला असतानाच तपासायचं. त्याआधी, रस्त्यावर लाइट गेला त्या क्षणी आणखी काय काय गेलं होतं, हे कळलं तर अर्धं काम तिथेच होतं.

रात्री पुन्हा लाइट गेला तर लगेच अप्पर-डिपरचं बटण दुसऱ्या बाजूला ढकला. काही लागलं नाही तर पास बटण (समोरच्याला इशारा द्यायला अप्पर क्षणभर पेटवतो ते) दाबून धरा आणि वेग कमी करत कडेला थांबा. जीव वाचवायला हेच करायचं आणि निदानालाही हेच उपयोगी पडतं. थांबल्यावर चावी बंद करू नका, हँडल हलवू नका. अप्पर लागतो का, पास लागतो का, मागचा लाल दिवा आणि मीटरचा दिवा चालू आहेत का, एवढं बघून घ्या.

फक्त डिपर गेला आणि अप्पर लागतोय, तर अर्थ (बल्बमधून करंट परत बॅटरीच्या निगेटिव्हकडे नेणारी वाट) आणि मुख्य सप्लाय दोन्ही ठीक आहेत. दोष डिपरच्याच वाटेवर आहे: अप्पर-डिपर स्विचमधला तो एक कॉन्टॅक्ट, तिथून निघालेली वायर किंवा बल्बच्या होल्डरमधली तेवढी पिन.

अप्पर-डिपर दोन्ही मेले पण पास दाबल्यावर उजेड पडतो, तर ही फार मोलाची खूण आहे. बहुतेक गाड्यांत पास बटणाला सप्लाय हेडलाइटच्या स्विचमधून येत नाही. तो आधीच वेगळा काढलेला असतो आणि सरळ अप्परच्या वायरला जातो. म्हणजे बल्ब, होल्डर आणि अर्थ यांची एका फटक्यात सुटका झाली. संशय उरतो तो हेडलाइटच्या स्विचवर, रिले (छोट्या करंटवर चालणारा आपोआप स्विच) असेल तर रिलेवर, आणि ज्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही त्या सेल्फच्या बटणावर.

सेल्फच्या बटणाचं जरा सविस्तर सांगतो. इंजिन चालू करताना बॅटरीवर ताण पडतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत सेल्फ दाबला की हेडलाइट तेवढ्यापुरता बंद होतो. काही गाड्यांत हे काम रिले करतो, पण अनेक गाड्यांत हेडलाइटचा सप्लाय त्या बटणातल्याच दुसऱ्या कॉन्टॅक्टमधून फिरवलेला असतो. बटण सुटलं की तो कॉन्टॅक्ट परत जुळायला हवा. तिथे धूळ, ओल किंवा कार्बन असेल, स्प्रिंग थकलेली असेल, तर तो अर्धवट जुळतो. मग बसला एखादा हादरा की लाइट जातो आणि दुसऱ्या हादऱ्याला येतो. तपासायला सोपं आहे: गाडी न्यूट्रलला घ्या, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) बंद करा आणि सेल्फचं बटण पटापट दहा-पंधरा वेळा दाबून सोडा. मग किल स्विच चालू करून लाइट बघा. गेलेला लाइट असा परत येत असेल तर ते स्विच असेंब्ली उघडून साफ करायलाच हवं. उघडताना खाली कापड अंथरा, कारण आतली बारीक स्प्रिंग आणि गोळी उडून जाते. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, मऊ ब्रशने पुसा. पॉलिश पेपरने घासण्याचा मोह टाळा, वरचा पातळ थर निघून गेला की खालचं तांबं महिनाभरात पुन्हा काळं पडतं.

अप्पर, डिपर, पास तिन्ही मेले आणि मागचा दिवा मात्र छान चालू आहे, तर हेडलाइटच्या डोममधला (बल्बमागच्या घरातला) अर्थ किंवा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, आधी बघा. तीन पिनांच्या बल्बला अप्पर आणि डिपर यांची अर्थ पिन एकच असते, ती सुटली की दोन्ही जातात. इथे आणखी एक खूण मिळते. डिपरवर असताना लाइट गेला आणि मीटरमधला अप्परचा निळा दिवा आपोआप पेटला, तर अर्थ तुटलाय हे जवळजवळ नक्की समजा. डिपरच्या तारेतून आलेल्या करंटला नेहमीचा अर्थ मिळत नाही, म्हणून तो अप्परच्या तारेतून उलटा शिरतो आणि निळ्या दिव्यातून वाट काढतो. हेडलाइट पेटवण्याएवढा करंट त्या वाटेने जात नाही, पण निळ्या दिव्याला तेवढा पुरतो. ही खूण दिसली की मी बाकी काही न उघडता थेट काळ्या किंवा हिरव्या अर्थ वायरच्या मागे लागतो (रंग कंपनीगणिक बदलतो, वायरिंगचा नकाशा मिळाला तर जरूर बघा).

आणि सगळंच गेलं, म्हणजे मागचा दिवा, हॉर्न, मीटर, इंडिकेटर, तर हेडलाइट विसरा. फ्यूजचा होल्डर, चावीचा स्विच, त्याच्या खालचा कपलर आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. फ्यूज शाबूत दिसतो पण होल्डरची पकड सैल असते, हे नेहमीचं आहे. त्याच वेळी इंजिनही अडखळत असेल तर हे दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.

आता दोष घडवून आणायचा कसा. गाडी मोकळ्या हवेत, सावलीत, भिंतीकडे तोंड करून मेन स्टँडवर लावा, म्हणजे उजेड हलला तरी लगेच दिसेल. हेडलाइट चालू ठेवा. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि दोन्ही टोकांना काही क्षण धरून ठेवा. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा दर वळणाला वाकतो आणि वर्षानुवर्षांनी आतलं तांबं तुटतं. वरचं प्लास्टिक अखंड राहतं, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. हँडल फिरवल्यावर लाइट जात असेल तर तिथली एकेक वायर बोटांत धरून इंच-इंच वाकवत जा. तुटलेल्या जागी वायर पिचकल्यासारखी मऊ लागते, हलकं ओढलं तर तिथेच ताणली जाते. पूर्ण जुडगा एकदम हलवू नका. लाइट लुकलुकेल, पण कोणत्या वायरमुळे ते कळणार नाही.

हँडलने काही झालं नाही तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डोमवर, स्विचच्या घरावर, रिलेवर हलक्या टिचक्या मारा. मग लाइट वीस-पंचवीस मिनिटं तसाच चालू राहू द्या, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवून, आणि इंजिन फार तापू नये म्हणून समोर पंखा लावून. काही दोष गरम झाल्यावरच उठतात, आणि तुमच्या मेकॅनिककडे लाइट नीट चालण्याचं कारण बहुधा हेच असावं. पाच मिनिटांच्या तपासणीत होल्डर तापतच नाही.

तापण्यावरून होल्डरकडे येतो, कारण माझ्या हातात येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त दोष इथेच निघतो. 55 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर करंट घेतो. होल्डरमधली पितळी पट्टी सैल पडली आणि त्या जोडाचा रोध फक्त 0.2 ओहम झाला, तर जवळपास 0.9 व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि त्या चिमुकल्या पट्टीत सुमारे 4 वॅट उष्णता तयार होते. उष्णतेने पट्टीचा ताठपणा जातो, ती आणखी सैल होते, आणखी तापते. बल्ब बदलताना आपण नवीन बल्ब याच सैल पट्टीत बसवतो, म्हणून चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. होल्डर काढून नीट बघा: प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखाद्या पिनेपाशी वितळलंय का, पट्टी निळसर-काळी पडलीय का. मग बल्बची एकेक पिन एकेका पट्टीत घालून ओढून पाहा. तिन्ही ठिकाणी सारखीच घट्ट पकड हवी. एखादी सहज निसटत असेल तर चिमट्याने दाबून वेळ मारून नेऊ नका. चांगल्या दर्जाचा, शक्यतो सिरॅमिकचा, होल्डर नवीन टाका आणि जुनी वायर काळवंडलेली असेल तिथपर्यंत कापून टाका. हॅलोजन बल्बच्या काचेला बोटं लावू नका, लागलीच तर स्पिरिटने पुसा.

मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. बीपवर, म्हणजे वायर अखंड असली की मीटर वाजतो त्या सेटिंगवर, वायर तपासू नका, निदान त्यावर विश्वास ठेवू नका. वायरमधल्या सगळ्या तारा तुटून एकच उरलेली असली तरी मीटर बीप देतो, कारण त्याला नावापुरता करंट लागतो. हेडलाइटचे साडेचार अँपिअर त्या एका तारेतून नीट जात नाहीत. म्हणून तपासणी नेहमी लोडवर, म्हणजे बल्ब जोडलेला आणि लाइट चालू ठेवून करायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं होल्डरच्या मागून डिपरच्या पिनेवर. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, एक-दीड व्होल्ट दिसले तर वाटेत खराब जोड आहे. मग बल्बची अर्थ पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह, इथे 0.2 व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं की एक टोक तसंच ठेवून दुसरं टोक एकेक कपलर मागे सरकवत जा. ज्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा एकदम बदलतो, दोष तिथे. हे वाचन हँडल फिरवत, वायर हलवत घ्या. डोळ्यांना लुकलुक दिसण्याआधी आकडा हलताना दिसतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो, म्हणजे अलीकडे लाइट जरा मंद वाटत असेल तर ती याच दोषाची सुरुवात असू शकते.

हे डीसी हेडलाइटचं झालं. गाडी जुनी किंवा छोटी असेल, लाइट फक्त इंजिन चालू असताना लागत असेल आणि रेस वाढवल्यावर प्रखर होत असेल, तर हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलवर, एसीवर आहे. तिथे बॅटरीपासून मोजण्यात अर्थ नाही. मीटर एसीवर ठेवून बल्बच्या पिनांवर मोजा आणि मॅग्नेटकडून येणाऱ्या वायरचा कपलर तसंच रेग्युलेटरचा (व्होल्टेज आवाक्यात ठेवणाऱ्या भागाचा) अर्थ आधी तपासा. आयडलिंगला उजेड थरथरणं हा अशा गाडीत दोष नसतो.

तुम्ही बदललेला बल्ब एलईडी असेल तर मात्र वरचा बल्बचा निर्वाळा मी मागे घेतो. एलईडीचा ड्रायव्हर तापला की काही बल्ब स्वतःला बंद करतात आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतात. एसी सर्किटला डीसीचा एलईडी लावला तर तो लुकलुकणारच. काही दिवस साधा हॅलोजन लावून पाहा.

दुरुस्ती करताना वायर पिळून टेप गुंडाळू नका. ओल आत शिरते आणि तांबं हिरवं पडतं. योग्य मापाचं थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) नीट दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा. हँडलच्या मानेपाशी सोल्डर टाळा, कारण सोल्डर केलेला भाग कडक होतो आणि वायर त्याच्या कडेला तुटते. तिथला तुटका तुकडा काढून नवीन लवचीक वायर टाका आणि हँडल दोन्ही टोकांना गेल्यावरही ती ताणली जाणार नाही एवढी सैल ठेवा. मोठा फ्यूज घालू नका, फ्यूजच्या जागी तार तर कधीच नको.

गाडीचं मॉडेल, बल्ब हॅलोजन की एलईडी, आणि लाइट गेल्यावर पास बटणाने उजेड पडतो की नाही, एवढं कळवलंत तर कोणत्या कपलरपासून सुरुवात करायची ते नेमकं सांगता येईल.